भेग माझ्या देखरेखीखाली

३ तारीख, सकाळ
चिरंजीव शेजाऱ्यांना सांगत फिरतात की गच्चीवरच्या टाकीला बाबांनी हातोडा मारला. हे असत्य आहे. भेग सूनबाईंनी पाडली, मुद्दाम, केसाएवढी. मी केवळ हातोडा हाती दिला. टाकी त्यांच्या लॅबने बनवलेल्या सिमेंटची; त्यात जिवाणू असतात. ओल मिळाली की ते जागे होतात, चुना तयार करतात आणि भेग आपोआप बुजते. सतराला कंपनीचे साहेब पाहणार. बुजली तर प्रयोग पुढे, नाही तर बंद. सूनबाईंची कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात. त्या पंधरापर्यंत परगावी. तोवर भेगेवर रोज पाणी शिंपडण्याचे काम माझ्याकडे. योग्य माणूस निवडला.

४ तारीख
जिवाणू म्हणजे अस्वच्छता. सूचनांत स्वच्छतेचा उल्लेखच नाही, तरुणांचा हलगर्जीपणा. पाण्यात झाकणभर पांढरे फिनेल घातले.

८ तारीख
भेग जैसे थे. सौ. म्हणाली, अहो, ती बुजायची सोडून तुम्हाला हसतेय. दुर्लक्ष केले. फिनेल दुप्पट.

११ तारीख, दुपार
भेगेतून पाणी झिरपते. सूनबाईंचा फोन. बाबा, भेगेत पांढरे दिसायला लागले का? दिसत होतेच. तसे सांगितले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला. साहेबांना लगेच कळवते म्हणाल्या.

१३ तारीख
पांढरे बोटाने पुसले गेले. बोटाला फिनेलचा वास. उद्या सूनबाईंना स्पष्ट कळवायचे.

१४ तारीख
फोन हातात घेतला. त्या कामात असतील, म्हणून ठेवला. फिनेल तिप्पट.

१५ तारीख, संध्याकाळ
सूनबाई आल्या त्या थेट गच्चीवर. दारातच थबकल्या. बाबा, वास कसला हा? मी माझी पद्धत क्रमवार विशद केली. मग त्या हळूच म्हणाल्या, जिवाणूच मारलेत तुम्ही. क्रियापद आदरार्थी होते, हे नमूद करतो.

१८ तारीख
सौ. फोनवर बहिणीला सारी हकीकत सांगत होती. तारखांचा नुसता गोंधळ. शुद्ध तारखा येणेप्रमाणे:
फिनेलचा आरंभ: ५ नव्हे, ४.
मात्रा दुप्पट: ८. बरोबर.
‘पांढरे दिसते’ असे मी सांगितले: १२ नव्हे, ११.
प्रयोग बंद: १६ नव्हे, १७.
सूनबाईंनी मला शेवटचे ‘बाबा’ म्हटले: काल नव्हे, १५, गच्चीच्या दारात.