दहा बोटांचं ताट

३ मार्च
ती. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.
आपल्या भांड्यांच्या कारखान्याला वीस तारखेला पंचवीस वर्षं होतात. दादाची आठवण म्हणून स्टीलचं मोठं ताट काढलंय. त्यात त्याचा चेहरा आणि जोडलेले हात असे उठलेत की बघणारा थक्क व्हावा. ठसा उठवायच्या डायसाठी मुद्दाम बाहेरचा चित्रकार लावला. पहिलं ताट सोबत पाठवतोय. अनावरण तुमच्याच हातून व्हायचं. पाहुण्यांना चालू कारखाना दाखवणार आहे. हल्ली असा वेग आहे की पॅकिंगवाल्यांनी हात टेकलेत. दादानं पाठ थोपटली असती.
लोभ आटू देऊ नये.
तुमचा धाकटा दीर

७ मार्च
चि. भावोजींस अ. उ. आ.
ताट पोचलं. नाक जरा सरळ केलंत, चालेल. वाकडं सरळ दाखवायची तुमच्या घराण्याची हौस जुनीच. पण बोटं मोजली. दहा! ज्या माणसाची दोन बोटं तुमच्या पत्रा दाबायच्या प्रेसनं खाल्ली, त्याला ती मेल्यावर परत केलीत. एवढा दानशूर दीर कुणाला मिळतो?
मी खोक्यांवरची अक्षरं लावत माझी मीच वाचायला शिकले. ओळ चुकू नये म्हणून हे त्या तुटक्या बोटाचं थोटूक ओळीखाली धरायचे. अजून पुस्तक उघडलं की डोळा आधी तेच शोधतो.
आता तुमचा वेग. माझी शेजारीण तुमच्याच प्रेसवर आहे. ती म्हणाली, एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलंय. दोन बटणं कशाला असतात ते मी सांगावं का? दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, आणि दोन्ही हात बटणांवर असले की प्रेसखाली फक्त पत्रा उरतो. एक बांधलं की एक हात मोकळा, पत्रा सरकवायला आणि चिरडून घ्यायला. यांच्या वेळीही असाच पट्टा होता. तुम्हीच तो रडत रडत कापला होतात. ती सुरी भंगारात घातलीत का?
पट्टा असेपर्यंत मी येणार नाही. अनावरण चित्रकाराकडून करून घ्या. त्याची बोटं शाबूत आहेत.
लोभ आहे. वाढवायचा का, ते तुमच्यावर.
वहिनी

११ मार्च
ती. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.
चित्रकाराला मी दादाचा लग्नातला फोटो दिला, हे चुकलंच. पट्ट्याचं मात्र तुम्ही फार मनावर घेता. मोठी ऑर्डर आहे, ती गेली की काढतो. प्रेसवरच्या बायका तरबेज आहेत. आणि तुम्ही आला नाहीत तर चार लोकांत मी काय तोंड दाखवू?
राग नसावा, लोभ असावा.
तुमचा दीर

१४ मार्च
चि. भावोजींस अ. उ. आ.
हेही तरबेजच होते. म्हणून तर दोनावर भागलं.
तुमच्या तोंडाची सोय सांगते. समारंभात एक ताट प्रेसवर तुम्हीच काढा, पट्टा तसाच ठेवून. मी समोर खुर्ची टाकून बसते. तुमचा हात आत गेला की टाळ्या मी वाजवीन, माझे दोन्ही हात धड आहेत.
लोभाचं तुमचं उत्तर आल्यावर बघू.
वहिनी

१७ मार्च
ती. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.
काल सुट्टी झाल्यावर एकटाच प्रेसवर बसलो. पट्टा तसाच होता. पत्रा आत धरला, दुसरा हात बटणाकडे नेला, आणि आतला हात आपणहून बाहेर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी पट्टा कापला. सुरी तीच, माझ्या खणात होती.
आज तुमच्या शेजारणीनं दोन्ही बटणांवर हात ठेवले आणि मला विचारलं, शेठ, तब्येत बरी आहे ना? माल उशिरा येणार म्हणून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. नवी डाय आता होत नाही. ताटाचं काय करू?
तुमचा दीर

१९ मार्च
चि. भावोजींस अ. उ. आ.
पट्ट्याचं शेजारणीनं आधीच सांगितलं होतं. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. येते.
ताट तेच राहू द्या; या पत्रासोबत शेजारणीच्या हाती परत पाठवतेय. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तेवढं हातोडीनं ठोकून सपाट करा. घाव घालताना कचरू नका, स्टीलला दुखत नाही. मग तो हात मला ओळखू येईल.
लोभ वाढवला आहे.
वहिनी