बाराव्या ओळीत सांडलेली मात्रा

अण्णा, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी पुराव्यासकट मांडतो आहे. तुम्ही मला मनातल्या मनात वाचायला कधीच शिकवलं नाहीत. शब्द तोंडातून निघून कानात पडला नाही तर तो वाचलाच नाही, असा तुमचा दंडक. त्यापायी पुण्याच्या ग्रंथालयातून मला दोनदा सन्मानपूर्वक बाहेर काढण्यात आलं, वसतिगृहातल्या सोबत्यानं आठवड्यात खोली बदलून घेतली, आणि इथं धाराशिवला मी अजूनही वर्तमानपत्र उघडलं की तुमच्या सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडतात, "कांद्याचा भाव साऱ्या गल्लीला कळला, आता पान उलटा!" गल्लीला फुकट बातम्या मिळतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आज लिहायला बसलो त्याचं कारण मात्र तुमची नात. पुण्याला तिनं ग्रीक घेतली आहे. मी घेतली होती तीच, त्याच वर्गात. फरक एवढाच की मी तिशी उलटल्यावर गेलो आणि ती एकोणिसाव्या वर्षी गेली. सुटी संपली. उद्या सकाळच्या एसटीनं ती परत जाते आणि सोमवारी प्राध्यापकांसमोर तिला ग्रीकांच्या जुन्या युद्धकाव्यातल्या शंभर ओळी पाठ म्हणायच्या आहेत. त्या आधी बापासमोर म्हणायच्या, ही आपल्या घराची रीत. ती तुम्हीच घातलीत.

मला तो दिवस लख्ख आठवतो. हैद्राबाद राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, मी आपल्या गावात, तेरच्या शाळेत संस्कृत शिकवत होतो, आणि एका सकाळी ओसरीवर मी सांगून टाकलं की पुण्याला जाऊन पुढं शिकणार, आणि संस्कृतासोबत ग्रीक शिकणार. काका ताडकन उठले. निजामाच्या तहसिलीत जन्मभर उर्दू लिहिलेला माणूस. "आपल्या घरात उर्दू शिरली ती पोटासाठी. ही कशासाठी? आणि शिकवणारा पाद्री आहे म्हणे. उद्या गळ्यात क्रूस अडकवून आला म्हणजे?" तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, "तू तीस वर्षं उर्दू लिहिलीस. टोपी सोडून तुझं काय बदललं रे?" काका बसले. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "जा. पण दिवाळीत येशील तेव्हा शिकलेलं सगळं संथेसारखं म्हणून दाखवायचं. मला कळतं का न्हाय, ते मी बघीन."

दिवाळीत ढोकीला अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीतून उतरलो आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीत बसून तेरला आलो. वाटेत त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं की दोन हजार वर्षांमागं एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या गावाचं नाव लिहून ठेवलंय, इथनं गाड्या भरभरून कापड बंदराला जायचं. त्यानं बैलाची शेपटी पिरगाळली आणि म्हणाला, "व्हय? मंजी तवापास्नं ह्यो रस्ता हाय तसाच हाय की!"

दुसऱ्या दिवशी स्नान करून तुमच्यासमोर बसलो. वहीत उतरवून पाठ केलेल्या वीस ओळी खणखणीत आवाजात सुरू केल्या. तुम्ही डोळे मिटलेले, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय. बारावी ओळ संपली आणि तुमचा हात वर झाला.

"थांब. इथं एक मात्रा सांडली."

मला हसू आलं. "अण्णा, तुम्हाला ही भाषा येत नाही."

"भाषा तुझी, मात्रा माझ्या. अकरा ओळी चोवीस-चोवीसच्या गेल्या, बारावीत तेवीस कशा? त्यांच्या कवीला मोजता येत नव्हतं का तुला?"

मी दोनदा म्हटली, दोनदा तेवीस. वही आणली, वहीतही तसंच. तुम्ही म्हणालात, "मग वही खोटी." मला राग आला होता, आता कबूल करायला हरकत नाही. जेवायला बसताना मी तुम्हाला खूश करायला सांगितलं की ते ग्रीक लोक पिण्याआधी थोडं देवाच्या नावानं भुईवर ओतायचे. तुम्ही पानाशेजारी भाताच्या चित्राहुती घालत म्हणालात, "म्हणजे माणसं घरंदाज होती. मग मात्रा चोरायची न्हाईत."

पुण्याला पोचल्यावर छापील पुस्तक उघडलं. बाराव्या ओळीत एवढासा शब्द होता, उतरवताना माझ्याच हातून गळलेला. त्याची मात्रा एक. मी ते पाद्रीबाबांना सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढून विचारलं, "तुमचे वडील ग्रीक कुठं शिकले?"

"तेरला," मी म्हणालो.

अण्णा, एम. ए.ला पहिला आलो तेव्हासुद्धा माझी छाती एवढी फुगली नव्हती. पुढं तो किस्सा ते दरवर्षी नव्या मुलांना सांगत, आणि मी कुठल्या तरी निमित्तानं वर्गाच्या दारात उभा राहून ऐकत असे. तुम्हाला हे कार्डावर कळवलं, तर तुमचं उलट कार्ड आलं: मात्रा मिळाली हे ठीक, थंडीत कान बांधत जा.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज दुपारी तुमची नात माझ्यासमोर बसली. ती माझ्यापेक्षा चांगलं म्हणते, तुम्ही असता तर सुपारी कातरायची थांबवली असती. न अडखळता शंभर ओळी झाल्या. तिनं विचारलं, "बाबा, कुठं चुकलं? खरं सांगा हं, तिथं एक चूक सोडत नाहीत." मी म्हणालो, "कुठंच नाही." ती पाया पडली आणि नाचत सामान बांधायला गेली.

हे पत्र टपालात जायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. वर्षभर मला नीट ऐकू येत नाही. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या बारीक आवाजातलं आज मला निम्मंच कळलं. सोमवारी ती माझ्या शब्दावर उभी राहणार आहे, आणि ती चुकली की नाही हे मला खरोखर माहीत नाही.