पिवळा ग्लास

तस्नीम बेटा,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे मराठीत लिहितेय.

ग्लासगोहून तू सुट्टीला इथे बहरीनला, मनामाला आलीस आणि आंघोळीला गेलीस, तेव्हा मी तुझी बॅग उघडून कपडे हुंगले. हॉटेलातल्या खोल्या आवरताना रोज बाटल्या उचलते, दारूचा वास मला बरोबर कळतो. तो नव्हता. पण मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या फोटोत तुझ्या हातात पिवळा ग्लास होता.

कपडे हुंगताना तू मला पकडलंस, तेव्हा मी फोटोचं विचारलं. "अम्मी, तो ॲपल ज्यूस होता. तिथे सगळे विचारतात, का पीत नाहीस? म्हणून ग्लास धरून उभी राहते. घरी आले की तू विचारतेस, का पितेस? मी जाऊ कुठे?"

मी तुझ्या बॅगेची चेन लावून टाकली. तू परत गेल्यावर मात्र तुझ्या रूममेटला, हॅझेलला, मेसेज केला. ती म्हणाली, "आंटी, ती पीतच नाही. पार्टीनंतर आम्हाला तीच गाडीने घरी सोडते." मला वाटलं, मैत्रीण बाजू घेणारच.

हॅझेलने तुला सांगितलं असणार. आता तू आठवड्यातून एकदाच फोन करतेस.

अब्बू म्हणाले, माफी माग. काल त्यासाठीच फोन लावला. तुझे शब्द जड येत होते. माझ्या तोंडून निघालं, "आवाज असा का येतोय? काय घेतलंयस?"

तू फोन ठेवलास. तुला एकशे दोन ताप होता, हे आज अब्बूंकडून कळलं.

तुझीच,
अम्मी