भुताची की खुनाची

मंगळवार, आषाढ वद्य तृतीया, दिवेलागण

आज पहिल्यांदाच अंगावर काटा आणणारी कादंबरी आणायला वाचनालयात गेलतो. कारकुनानं दोन पुढ्यात टाकल्या, एक भुताची, एक खुनाची. म्हणाला, "पैलवान, नवखं हायसा, भुताची न्या. दुसरीतलं रगत तुम्हाला सोसायचं न्हाय."

डोकं सणकलं. सकाळीच तालमीत मी धोंडीचा हात मोडला होता. त्याची पाठ मातीला लागली होती, वस्ताद "सोड!" म्हणून ओरडले होते, तरी मी एक पीळ जास्त दिला. का? काल त्यानं मला चारचौघांत पाडलं म्हणून? एवढ्यासाठी?

खुनाचीच घेतली. तिसऱ्याच पानावर खुनी एकाचा हात पिरगाळतो. लेखक लिहितो, हाड कडाडलं. खोटं! ओला ऊस मोडावा तसा बारीक आवाज येतो.

आणि पुढं काय होतं, ते त्यानं लिहिलेलंच नाही. कुस्ती संपली की हात मिळवायची रीत. धोंडीचा उजवा हात लोंबत होता, म्हणून त्यानं डावा पुढं केला. मी तो न घेताच आखाड्याबाहेर आलो.

उद्या पुस्तक बदलणार. भुताचीच आणतो. भूत फार तर मानगुटीवर बसेल. डावा हात तर पुढं करणार नाही.