घोरणं थांबल्यावर

३ मार्च, सोमवार

अजून आहे! पोटाचं एवढं ऑपरेशन करून घेतलं, आठ महिने वाटीभर जेवून काढले, अंगाने निम्मी झाले — आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, "झोपेत श्वास अजून थांबतोय. पूर्वीपेक्षा कमी, पण थांबतोय. हवेचं मशीन सोडायचं नाही." मग मी कमावलं काय? अंगभर वायरी चिकटवून तपासणीच्या खोलीत रात्र काढली ती हे ऐकायला? मशीन परत देऊन मोकळ्या हाताने घरी यायचं म्हणून पिशवीत घालून नेलं होतं. त्याच पिशवीतून परत आणलं.

आईने मशीन माझ्या हातातून घेतलं. माझ्या उशाशी ठेवलं, त्यात पाणी भरलं, वायर लावली.

४ मार्च

मास्क सैल झालाय. गालच राहिले नाहीत, बसणार कशावर? सगळी हवा डोळ्यांत. रात्रभर फुस्स फुस्स.

५ मार्च

आज दुकानात मास्कच्या पट्ट्या घेतल्या शिलाई मशीनखाली! दोन्हीकडून आत घेतल्या, डबल टीप मारली. काज-बटणवाली हसून हसून बेजार. "ताई, आता नाकालाही फिटिंग?" म्हटलं, हस. आयुष्यभर लोकांचे कपडे आत घेतले, ही तर बोटभर पट्टी.

६ मार्च

उपयोग शून्य. पट्ट्या आवळल्या, पण तोंडावरचा कप जुन्याच चेहऱ्याच्या मापाचा. गालावर वळ उठले आणि हवा तशीच गळतेय. मशीनवाल्याला फोन केला तर म्हणे, "ताई, शिवून नाही भागणार हे. लहान मास्क मागवतो." कधी येईल? "येईल हो." ह्यांचं 'येईल' मला माहीत आहे. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगते.

७ मार्च, शुक्रवार

ठरलं. आई बघायला येते तेव्हा मास्क तोंडावर. ती दिवा घालवून गेली की काढून ठेवायचा. घोरणं तर बंदच झालंय माझं! दादा फोनवर म्हणाला, "घोरत नाहीस ना? मग झालं की! डॉक्टर काय, सांगतातच." काज-बटणवालीही तेच म्हणाली. मला हेच ऐकायचं होतं, म्हणून दोघांना विचारलं.

९ मार्च

आईने डोकं उठवलंय. गाढ झोपेत असते आणि दारातून हाक — "झोपलीस का गं?" अगं, झोपले होते! पूर्वी भिंतीपलीकडून ओरडायची, "कूस बदल, घर डोक्यावर घेतलंस." आता म्हणते, "तुझा आवाजच येत नाही." हिचं करू तरी काय?

आज चिडून बोलले. "पुन्हा मला उठवलंस तर दादाकडे पाठवीन तुला."  नको होतं तसं बोलायला.

११ मार्च

दुकानातल्या आरशासमोर एका बाईच्या खांद्याला टाचण्या लावत होते. सहज वर पाहिलं — बाबा!  गाल बसलेत ना माझे, तर आतून त्यांचाच चेहरा बाहेर आलाय. तेच नाक, तीच हनुवटी. शेवटच्या वर्षी दिसायचे अगदी तसे.

बाई म्हणाली, "टोचलं की हो!"

बाबा कुठे जाड होते? काटकुळे होते. आणि काय घोरायचे! त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ह्याच पलंगावर. आई सांगते, पहाटे त्यांनी पाणी मागितलं, तिने दोन घोट पाजले आणि तिच्या हातावर गेले. आलेल्या प्रत्येकाला तिने हेच सांगितलं. पुण्यवान माणूस, म्हणायचे सगळे.

आज त्यांच्याबद्दल इतकं का लिहितेय, कळत नाही. बस.

१३ मार्च

वाईट स्वप्न. कुणीतरी पलंगाच्या कडेला बसलंय आणि तोंडावर हात दाबून धरलाय. गार वारा नाकात. ओरडायचं होतं, ओरडले नाही. सकाळी उठले तर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खुणा. मी तर मास्क लावला नव्हता!

उशीत तोंड खुपसून झोपले असेन.

१४ मार्च

पुन्हा तेच. तोच हात.

१६ मार्च, रविवार

एक मात्र खरं — दुपारी शिलाई मशीनवर डुलक्या यायच्या, त्या बंद झाल्या. मागच्या आठवड्यात तर सुई बोटात जाता जाता राहिली होती. आता डोकं कसं लख्ख! बघा म्हणावं डॉक्टरीणबाईंना. मशीनशिवाय!

पण रात्रीची भीती वाटते. तो हात रोज येतो. जड नसतो, उठू मात्र देत नाही. बाबा, तुम्ही आहात का? मला न्यायला आलात का? नाही यायचं मला. आत्ता कुठे मी जिना एका दमात चढायला लागलेय.

हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

१८ मार्च

आई भाजी चिरता चिरता झोपली. सुरी हातातच. डोळे खोल गेलेत तिचे. "बरं वाटत नाही का?" तर म्हणे, "वय झालं गं." उद्या तिलाच दाखवून आणायला हवं.

२१ मार्च, शुक्रवार

आल्या आल्या लिहायला बसलेय.

मास्क आला म्हणून हवेचं मशीन घेऊन गेले. मशीनवाल्याने ते संगणकाला जोडलं; कुठल्या रात्री वापरलं ते सगळं त्यात दिसतं म्हणे. मी मनातल्या मनात कारणं जुळवत बसलेले — सर्दी होती, वीज गेली होती. तर तो म्हणतो, "वा ताई! मधले काही दिवस सोडले तर एक रात्र चुकवली नाहीत. गळती आहे थोडी, पण सैल मास्कच्या मानाने कमालच आहे. कसा काय बसवता?"

 मी म्हटलं, "बसतो." दुसरं काय सांगणार? मी नाही, तर कोण चालवतं ते?

२२ मार्च, शनिवार

आई.

काल नवा मास्कही मुद्दाम काढून ठेवला आणि झोपेचं सोंग घेऊन पडले. दार हळूच लोटलं गेलं. पायांत चपला नाहीत. अंदाजानेच मशीनचं बटण दाबलं तिने. पलंगाच्या कडेला बसली, कोपर उशीला टेकवलं आणि तो कप माझ्या नाकावर धरला. पट्ट्या नाहीत, काही नाही. नुसता हाताने. हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचा. मधेच मान खाली जायची तिची, लगेच दचकून सावरायची.

इतके दिवस! आणि मी पाठवीन म्हणाले दादाकडे. तरी हलले नाही. मी जागी आहे हे कळलं असतं तर ती शरमली असती.

२३ मार्च, रविवार

आज विचारलंच. "मला उठवून लाव म्हणायचंस ना!" भांडी पुसत होती. म्हणाली, "तू चिडतेस."  एकच ताट कितीदा तरी पुसलं. मग म्हणाली —

"पाणीबिणी काही मागितलं नव्हतं तुझ्या बाबांनी. त्या रात्री घोरणं एकदम थांबलं. मी जागी होते गं. वाटलं, चला, सुटले एकदाचे. कूस बदलली, आणि इतकी छान झोप लागली मला."