वास्किता नाही आणि रत्री नाही

सालातिगा, रविवार

प्रिय विडार्तीताई,

तुला सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला वेगळा. सूज उतरली का? भावजींचा खोकला थांबला? आम्ही सगळे ठणठणीत.

तुला माहीतच आहे, कुस्मिराकाकूंच्या स्वयंपाकघरात जेवणाच्या ऑर्डरी मी फोनवरचे निरोप वाचून वहीत उतरवते. मागच्या महिन्यात बारशाचे गुलाबी डबे मयताच्या घरी गेले (त्यांनी खाल्ले, पण चार दिवस बोलले नाहीत). तेव्हा काकू म्हणाल्या, "बोलाव त्या सॉफ्टवेअरवाल्याला."

टाय लावलेला एक गृहस्थ आला. स्वतःच रचलेल्या ऑर्डरी भरून त्याने रंगीत तक्ते दाखवले, डब्यावरच्या चिठ्ठ्यासुद्धा आपोआप छापून दाखवल्या. आम्ही दोघी भाळलो आणि घेऊन टाकलं. पहिल्याच ऑर्डरीला, एका लग्नाच्या, ते यंत्र आडनाव मागून अडून बसलं. अगं, आपल्या अर्ध्या गावाला आडनावच नाही! रकाना भरल्याशिवाय पुढे जाईना, तर मी तिथे 'नाही' असंच घातलं. लगेच गेलं पुढे. चिठ्ठ्या कोणी वाचल्या नाहीत, कारण सगळे सोयाबीनच्या तेंपेच्या वड्या तळत होते.

आठवड्यापूर्वीच्या शनिवारी लग्नाच्या हॉलमध्ये तीनशे डबे मांडले. प्रत्येकावर ठळक अक्षरांत : 'शुभविवाह, वास्किता नाही आणि रत्री नाही'.

नवरीची, म्हणजे रत्रीची, आई मटकन खाली बसली. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, लग्न मोडलं की काय! काकूंचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा. एवढ्यात नवरदेव डबा हातात घेऊन उभा राहिला. "मंडळी, नाही म्हणतोय तो डबा. मी हो म्हटलंय!" रत्री तिकडून ओरडली, "मीपण!" अख्खा हॉल हसत सुटला. लोकांनी चिठ्ठ्या सोलून आठवण म्हणून घरी नेल्या, आणि आम्हाला तीन नव्या ऑर्डरी मिळाल्या.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "आता विकणाऱ्याच्या ऑर्डरी नकोत. आपला शनिवार घालून बघायचा." मग आम्ही आठवडाभर चार सॉफ्टवेअरं तपासली, आमच्या खऱ्या ऑर्डरी भरून : एकेरी नावं, निम्म्या डब्यांत मिरची नको, तारीख तीनदा बदललेली. बटणं काकूंनी दाबायची, तीही नारळाने माखलेल्या बोटांनी. पहिलं सॉफ्टवेअर इंटरनेट जाताच सगळं विसरलं. दुसऱ्याची अक्षरं बघून काकू म्हणाल्या, "हे मुंग्यांसाठी केलंय." तिसरं विचारायला लागलं, तुमचा विभाग कोणता? (विभाग! एक चूल, दोन बायका.) चौथं दिसायला अगदीच ओबडधोबड, पण त्याने सगळं निमूट लिहून घेतलं, आणि उद्या सोडायचं म्हटलं तर आपली यादी आपल्याला परतही देतं. काकूंनी शिक्का मारला, "रूप नाही, पण घर सांभाळील." इतका हलका माझा जीव कित्येक महिन्यांत झाला नव्हता गं.

तुझी,
लारास

ता. क. : ही सगळी तपासणी दिरांच्या नव्या कोऱ्या फोनवर झाली. ते आज सकाळी फोनसकट सेमारांगला गेले, आणि आमच्या जुन्या फोनवर हे उघडतच नाही. तुझ्या कपाटातला टॅब्लेट मंगळवारच्या बसने पाठवशील का?

आणखी एक : तो 'नाही' कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने लिहिला, असं काकूंना वाटतंय. वाटू दे.