डॉक्टरांना पाय कसा दाखवावा

कुवेंपुनगर, म्हैसूर
जुलै २०२०

प्रिय निनाद,

अनेक आशीर्वाद. वर ‘श्री’ लिहावा की आभाचं वर्ष होईपर्यंत लिहू नये, हे आईंना विचारलं असतं तर पत्र लिहितोय हे त्यांना कळलं असतं. म्हणून जागा कोरी सोडली आहे. (फोनही याच कारणाने नाही. तुझ्या आईला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं.) तू आणि सुष्मा पुण्यात सुखरूप असाल. मी बरा आहे. आईंच्या पायाचं मात्र सविस्तर लिहायला हवं.

तुझ्या ताईच्या, आभाच्या, दिवसकार्यासाठी आई सरगूरहून आल्या आणि लॉकडाऊनने इथेच अडकल्या, हे तू जाणतोसच. सासू आणि जावई, मधलं माणूस गेलेलं. जेवताना आम्ही वरण वाढू का, पुरे, एवढंच बोलायचो. तशात त्यांच्या तळपायाला जखम झाली. त्यांनी ती लपवली आणि त्यांच्या साखरेने वाढवली. दवाखान्याची ओपीडी बंद, म्हणून डॉ. जयतीर्थ यांची वेळ व्हिडिओवर घेतली. (तरुण आहेत, इथलेच.)

आई रेशमी साडी नेसून बसल्या. फोनसमोर कॉफीचा पेला ठेवला. डॉक्टर विचारतील त्याला ‘एल्ला चेन्नागिदे’, म्हणजे सगळं छान आहे, हेच उत्तर. घरी आलेल्या माणसापुढे कोणी दुखणी मांडतं का, असं त्यांचं म्हणणं. उलट डॉक्टरांच्याच आईची चौकशी झाली. शेवटी मी फोन खाली पायाकडे नेला, तर त्या ओरडल्या, “अय्यो, उपेंद्रराव! आत डॉक्टर आहे! त्याच्या तोंडाला पाय लावू?”

डॉक्टरांनी आपला कॅमेरा बंद केला. त्यावर आई म्हणाल्या, दार लावलं म्हणून माणूस घरातून जातो का? डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं, की जखम बघितल्याशिवाय चालणार नाही, असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल. एक माणूस मी नुकतंच पोचवून आलो होतो. आता या घरातून अंगठासुद्धा जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

दुपारी आई झोपल्यावर मी फोटो काढायला गेलो. त्यांना जाग आली, तर जावई पायाशी वाकलेला! (तुमच्यात जावयाला वाकू देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.) त्यानंतर त्या मोजे घालून वावरू लागल्या. जखमेला तेच सर्वांत वाईट.

मी गच्चीवर जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले. पुढच्या वेळी फोन लागताच म्हणाले, “अज्जी, माझ्या आईने सांगितलंय, आधी नमस्कार कर. मोजे काढा, मोज्यांना कसा करू?” मी फोन जमिनीवर ठेवला. आईंचे मोजे निघाले, पाय आपोआप पुढे आले आणि आशीर्वाद सुरू झाले: लग्न, मुलंबाळं, सरकारी नोकरी. डॉक्टर मान खाली आणि डोळे वर करून बघत होते. मधेच म्हणाले, “अज्जी, पाय थोडा डावीकडे. आशीर्वाद नीट लागत नाहीये.”

औषध ठरलं. ड्रेसिंग कोणी करायचं, हा प्रश्न उरला. आईंनी स्वतःच स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाल्या, “जावई म्हणून बेडा, नको. आभाचं काम म्हणून करा.” तेव्हापासून रोज सकाळी त्या स्टुलावर पाय ठेवतात आणि मी पट्टी बदलतो. तेवढ्या वेळात त्या आभाच्या लहानपणचं सांगतात. वरणाशिवाय आम्ही पहिल्यांदाच काही बोललो.

काळजी नसावी.

तुझा,
उपेंद्र

ता. क. पास मिळताच आईंना न्यायला गाडी घेऊन येतोस, असं लिहिलं आहेस. एवढ्या लांबचा प्रवास पायाला सोसणार नाही. येऊ नकोस.

ता. क. २. जावयाच्या घरी किती राहायचं, असं आई रोज म्हणतात. तेव्हा, पुण्यात फार वाईट आहे, इतक्यात येता येणार नाही, असं तूच त्यांना कळव. मी सांगितलं हे लिहू नकोस.

ता. क. ३. जखम गेल्या आठवड्यात पूर्ण भरली. आता ड्रेसिंग नको, असं डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं आणि आईंना कन्नडमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी स्टुलावर पाय ठेवला. मी कापूस घेऊन आलो.